बडोद्यातलं एक काउन्सेलिंग सेंटर, जिथे सल्ला मिळत नाही: सविस्तर रिव्ह्यू

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय, पण आधी मुद्द्याचं. या सेंटरला ऑनलाइन जे १ स्टारवाले रिव्ह्यू आलेत त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं एकच आहे, की तिथल्या काउन्सेलर बेन (गुजरातीत ताई) काही सांगतच नाहीत, नुसतं ऐकून घेतात, एवढी फी घेऊन सल्ला म्हणून शून्य. हे वाचून कुणी जायचं टाळत असेल तर प्लीज टाळू नका. लोक ज्याला खोट म्हणतायत तीच तिथली पद्धत आहे, आणि ती कुणाच्या आळशीपणातून आलेली नाही, तिच्यामागे कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं आणि मानवतावादी मानसशास्त्र या शाखेचं ऐंशी वर्षांचं काम आहे. मला त्या पद्धतीचा फार उपयोग झाला म्हणून जरा वेळ काढून लिहितेय, मोठं होणारे.

जागा रेसकोर्स रोडवरून आत वळल्यावर, एका जुन्या कमर्शियल बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. नाव मुद्दाम देत नाही कारण बेन एकट्याच सगळं बघतात आणि आधीच वेटिंग असतं, ज्यांना खरंच हवंय त्यांनी मेसेज करा, मी सांगते. बेन गुजराती आहेत पण बडोद्यातच वाढलेल्या त्यामुळे मराठी अगदी नीट कळतं, मी मराठीत बोलायचे, त्या थोडं गुजराती थोडं हिंदी आणि मधूनच मराठी. काही अडलं नाही. ५० मिनिटांचे ९०० रुपये. पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतात त्यात क्लायंट असं लिहिलेलं असतं, पेशंट नाही. आणि एक वेगळा कागद असतो रेकॉर्डिंगच्या परवानगीचा, म्हणजे तुम्ही हो म्हणालात तरच काही सेशन्सचा ऑडिओ ठेवतात आणि बेन स्वतः ज्यांच्याकडे मार्गदर्शनाला जातात त्या सीनियर बाईंबरोबर तो ऐकतात, आपलं काम बरोबर चाललंय का ते तपासायला. मी नाही म्हणाले, त्यांनी काहीही न विचारता पुढचं पान उलटलं. नंतर कळलं की ही सवय पण त्याच परंपरेतली आहे, कार्ल रॉजर्सने १९४० च्या आसपास अमेरिकेत सेशन्स तबकड्यांवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि १९४२ च्या पुस्तकात एका क्लायंटच्या अख्ख्या केसचं शब्दन् शब्द बोलणं छापलं. तोपर्यंत बंद खोलीत नक्की काय चालतं हे उपचार करणारा सांगेल तेवढंच बाहेर यायचं.

आता माझं काम काय होतं. दांडिया बाजारातलं आमचं माहेरचं जुनं घर, वडील गेल्यावर भावाने हक्क-कमीचे, म्हणजे घरातला आपला हिस्सा सोडल्याचे, कागद तयार करून आणले आणि म्हणाला ताई इथे इथे सही कर. दोन्ही बहिणींच्या नावापुढे पेन्सिलने फुल्या मारून ठेवलेल्या. कायद्याचं वकिलांनी व्यवस्थित समजावलं होतं, मुलींचा हक्क वगैरे सगळं माहीत होतं, त्यामुळे अडचण माहितीची नव्हती. मी सही पण करत नव्हते आणि नाही पण म्हणत नव्हते, रात्री झोप लागत नव्हती, शाळेत मुलांवर खेकसत होते. आणि सल्ल्यांचं म्हणाल तर पूर आलेला. आत्या म्हणे भावाशी पैशावरून वाकडं घेऊ नये, माहेर तुटतं. नवरा म्हणे सोडायचं कशाला, तुझा हिस्सा आहे. मैत्रीण म्हणे घे आणि एफडी कर. प्रत्येकाचं ऐकताना ते पटायचं.

त्यामुळे मी बेनकडे गेले ते सरळ विचारायलाच, की सही करू का नको. सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी तोच प्रश्न टाकला. त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे कुणीतरी ठरवून दिलं तर बरं होईल इतकं हे जड झालंय." बस. मी म्हणलं हो पण तुमचं मत काय. तर म्हणाल्या माझं मत दिलं तर तुमच्याकडे अजून एक मत जमा होईल, ती तर आधीच बरीच आहेत, तुमचं स्वतःचं काय ते अजून ऐकायला मिळालं नाहीये. आणि मग गप्प. ती शांतता मला अजिबात सोसली नाही हे खरंय, पंख्याचा आवाज ऐकत बसले, आणि मग बोलायचं म्हणून बोलायला लागले तर त्या फुल्यांवर आले. पेन्सिलच्या फुल्या. मला घराचा चौथा हिस्सा की तिसरा याचं काही पडलेलं नव्हतं, मला त्या फुल्या बोचत होत्या, मला विचारायच्या आधीच माझी सही कुठे येणार हे कुणीतरी ठरवून ठेवलं होतं. हे मी तोपर्यंत कुणालाच बोलले नव्हते कारण कुणी तिथपर्यंत येऊच दिलं नव्हतं, सगळे हिस्स्यावर बोलत होते.

मी एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.एड. केलंय, त्यात रॉजर्स आणि मास्लो दोघेही अभ्यासाला होते, परीक्षेपुरते. आता या निमित्ताने परत नीट वाचलं आणि एक गोष्ट फार आवडली. रॉजर्स १९२८ पासून बारा वर्षं अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात त्रासलेल्या मुलांच्या दवाखान्यात काम करायचा. तिथे एक वांड मुलगा आणि त्याची आई यायची. रॉजर्सच्या मते अडचण आईची होती, तिने मुलाला मनातून नाकारलेलं होतं, आणि तो बिचारा सेशनमागून सेशन तिला हळूहळू ते पटवून द्यायचा प्रयत्न करत होता. काही जमेना. शेवटी त्याने सांगितलं की आपण दोघांनी प्रयत्न केला पण हे होत नाहीये, थांबवूया. बाई हो म्हणाली, हात मिळवला, दारापर्यंत गेली, वळली आणि विचारलं, तुम्ही मोठ्या माणसांना घेता का काउन्सेलिंगला? हो म्हणल्यावर परत येऊन बसली आणि आपल्या संसाराचं, नवऱ्याशी बिघडलेल्याचं जे सांगायला लागली ते आधी नोंदलेल्या केस हिस्टरीपेक्षा पार वेगळं होतं. त्यातून पुढे मुलगा पण सुधारला. दुखतं कुठे, जायचं कुठल्या दिशेने हे ज्याचं त्यालाच माहीत असतं हे रॉजर्स त्या बाईकडून शिकला असं तो स्वतः लिहितो. आमच्या शाळेत पेरेंट्स मीटिंगला आया येतात तेव्हा आम्ही टीचर लोक नेमकं उलटं करतो, मुलाचं काय चुकतंय आणि तुम्ही काय केलं पाहिजे याची यादी तयारच असते.

तर ही जी मानवतावादी मानसशास्त्र म्हणून शाखा आहे तिला तिसरी शक्ती पण म्हणतात. त्या काळात एकीकडे फ्रॉइडचं मनोविश्लेषण, म्हणजे तुमच्या मनाच्या तळाशी काय दडलंय ते डॉक्टरला कळतं आणि तो उकलून सांगणार, आणि दुसरीकडे वर्तनवाद, म्हणजे बक्षीस-शिक्षा बदला की माणूस बदलतो. या दोन्हीत माणसाचं स्वतःचं म्हणणं कुठे बसतच नाही. रॉजर्स, मास्लो, रोलो मे वगैरे मंडळींचा आग्रह होता की माणूस निवड करतो, त्याला जगण्यात अर्थ हवा असतो, आणि योग्य हवा मिळाली तर तो वाढायलाच बघतो. रॉजर्सने याला एक उदाहरण दिलंय ते त्याच्या लहानपणच्या घरचं आहे, थंडीसाठी तळघरात साठवलेले बटाटे, वर लहानशा खिडकीतून येईल तेवढाच उजेड, तरी त्या बटाट्यांना फिकट पांढरे कोंब फुटायचे आणि ते खिडकीच्या दिशेने लांबत जायचे. झाड कधीच होणार नव्हतं त्यांचं, पण दिशा सोडली नाही. मला हे वाचून आमच्या शाळेतली कितीतरी मुलं आठवली, ज्यांना आम्ही वाकडी म्हणतो.

मग ही योग्य हवा म्हणजे काय, तर १९५७ च्या लेखात रॉजर्सने सहा अटी मांडल्यात. त्यातल्या तीन सगळीकडे छापल्या जातात, समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, बिनशर्त स्वीकार आणि काउन्सेलरचा स्वतःचा खरेपणा. ऐकायला अगदी सुविचार वाटतात पण प्रत्यक्षात बघितलं तेव्हा कळलं की हे करायला किती अवघड आहे. स्वीकाराचं सांगते. एका सेशनला मी भावाबद्दल फार घाण बोलले, म्हणजे मी कधीच बोलत नाही असं, आणि लगेच सारवासारव करायला लागले की नाही तो तसा चांगलाय, आईचं सगळं तोच करतो. बेननी ना मला गप्प केलं ना माझी बाजू घेतली. म्हणाल्या दोन्ही खरंच दिसतंय, त्याची किंमत पण आहे तुम्हाला आणि संताप पण आहे. दुसरं खरेपणाचं. मध्येच एकदा मी तारखा, नातेवाईक, कोण काय म्हणालं असं पंधरा मिनिटं सांगत सुटले तर त्या म्हणाल्या, "मी आत्ता जरा हरवले, एवढ्या माणसांच्यात तुम्ही कुठे आहात तेच मला दिसेना." चेहऱ्यावर सगळं समजल्याचा भाव ठेवून मान हलवत बसल्या असत्या तर मला कळलंही नसतं. पण त्यांनी सांगितलं, आणि मी पण थांबून बघितलं की खरंच यात मी कुठेय.

माझ्या बाबतीत सगळ्यात कामाला आलेली कल्पना म्हणजे लायकीच्या अटी. लहानपणी आपल्याला प्रेम मिळतं पण बरेचदा अटींवर मिळतं, असं वागलीस तर गुणाची, तसं वागलीस तर नाही, आणि मग त्या अटी आपण गिळून टाकतो आणि पुढे त्या आपल्याच वाटायला लागतात. मी घरात थोरली. ताई समजूतदार आहे, ताई मागत नाही, ताई आधी धाकट्यांना देते. चाळीस ओलांडली तरी हेच माझं स्वतःबद्दलचं चित्र होतं, आणि राग आला की तो त्या चित्रात बसायचा नाही म्हणून मी तो रागच नाहीये असं धरून चालायचे, मग झोप जायची. रॉजर्स याला स्व-प्रतिमा आणि प्रत्यक्ष अनुभव यातली विसंगती म्हणतो. शिकागोला त्याच्या टीमने हे मोजायचा पण प्रयत्न केला, क्लायंटला वाक्यांची कार्डं द्यायची आणि दोनदा लावायला सांगायची, एकदा मी आहे तशी, एकदा मला व्हायचंय तशी. १९५४ ला छापलेल्या त्या कामात थेरपीआधी दोन मांडण्यांचा एकमेकींशी मेळ सरासरी जवळजवळ शून्य होता, थेरपीनंतर तो वाढलेला दिसला. नंतरच्या लोकांनी त्यावर शंका पण घेतल्यात, कारण आपण बरे झालोय असं दाखवायची इच्छा असेल तर कार्डं तशी लावता येतात. तरी निदान मोजून बघायची तयारी होती हे मला महत्त्वाचं वाटतं.

मास्लोबद्दल थोडक्यात, कारण बऱ्याच जणांना या विषयातलं तेवढंच माहीत असतं. मकरपुरा जीआयडीसीतल्या कंपन्यांत ट्रेनिंग असलं की माणसाच्या गरजांचा तो त्रिकोण स्लाइडवर येतोच, नवऱ्याच्या कंपनीत पण आलेला, खाली अन्न-पाणी आणि टोकाला सेल्फ-ॲक्च्युअलायझेशन, म्हणजे आपल्यात जे आहे ते पूर्ण फुलणं. १९४३ च्या मूळ लेखात त्रिकोण कुठेच नाहीये. आणि खालची पायरी पूर्ण भरल्याशिवाय वरची उघडत नाही असंही तो म्हणत नाही, उलट उदाहरणादाखल आकडे देतो की साधारण माणसाची शरीराची गरज ८५ टक्के भागलेली असेल, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, मान-सन्मानाची ४० आणि सेल्फ-ॲक्च्युअलायझेशन १०, म्हणजे सगळं एकाच वेळी अर्धंमुर्धं चालू असतं. हे मला फार खरं वाटतं. आमच्या आजीने पानशेतच्या पुरानंतर पुण्याहून बडोद्याला येऊन शून्यातून संसार उभा केला, घरात दोन वेळचं नीट नव्हतं तेव्हाही ती भजनाला पेटी वाजवायला जायचीच.

आता आपल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे थेरपी म्हणलं की अल्बर्ट एलिस लगेच आठवतो, विवेकनिष्ठ विचार, हट्टाग्रह सोडा, मराठीत त्यावर भरपूर लिहिलं-बोललं गेलंय आणि त्याचा खूप जणांना फायदा पण झालाय. पण त्यामुळे काउन्सेलर म्हणजे आपली चुकीची विचारपद्धत दाखवून देणारा माणूस असा समज पक्का झालाय, आणि बेनसारखी व्यक्ती भेटली की लोक गडबडतात. १९६५ ची एक ट्रेनिंग फिल्म आहे, त्यात ग्लोरिया नावाची एकच क्लायंट रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस अशा वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन थेरपिस्टांशी एकेकदा बोलते. इंटरनेटवर मिळते, जरूर बघा. ग्लोरिया घटस्फोटित असते, मुलीने काही विचारलं त्यावर ती खोटं बोललेली असते आणि ते तिला खात असतं, ती रॉजर्सला अगदी अडून अडून विचारते की मी मुलीला खरं सांगू का नको. तो देत नाही उत्तर. पण टाळत पण नाही, ती उत्तरासाठी किती कासावीस झालीये ते तो पूर्ण वेळ धरून ठेवतो, आणि हळूहळू बाई स्वतःच बोलायला लागते की तिला मुलीसमोर खोटं वागून जगायचं नाहीये. ते बघताना मला माझं पहिलं सेशन आठवलं. एलिसचा भाग पण बघा, तो किती बोलतो आणि रॉजर्स किती कमी, हा फरक वाचून कळत नाही.

कुणी जाऊ नये ते पण सांगते, कारण इथे लोक डोळे झाकून जातात. ज्यांना आवाज ऐकू येणं, भास, टोकाची उदासी, जीव द्यायचे विचार असं काही आहे त्यांनी आधी सायकिॲट्रिस्ट गाठावा, बेन स्वतः पहिल्याच भेटीत हे विचारतात आणि गरज वाटली तर पाठवतात. अगदीच अडचणीची वेळ असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, रात्रंदिवस चालू असते. स्वतः रॉजर्सने पण विस्कॉन्सिनला असताना स्किझोफ्रेनियाच्या पेशंट्सवर ही पद्धत वापरून बघितली होती आणि निकाल म्हणावे तसे आले नाहीत. ज्यांना परीक्षेची धास्ती, विमानाची भीती असं एकच ठरावीक कमी करायचंय आणि घरी करायला अभ्यास हवाय त्यांना पण दुसरी पद्धत जास्त लवकर लागू पडेल असं माझं मत.

आणि एक माझी स्वतःची शंका आहे जी मी बेनना पण बोलून दाखवली. हे सगळं "मी, माझं वाढणं, माझं ठरवणं" याभोवती फिरतं, अमेरिकेत ठीक आहे, पण आपल्याकडे मी म्हणजे एकटी मी नसतेच, त्यात भाऊ आहे, आई आहे, राखी आहे, भाचरांची मुंज आहे. बेन म्हणाल्या, मग तेच तुम्हाला मोलाचं आहे ना, त्याला बाहेर कशाला काढायचं, ते पण टेबलावर ठेवूया. मला हे पूर्ण पटलं असं नाही. पुस्तकात हा मुद्दा फार पातळ वाटतो, टीकाकारांनी पण तो मांडलाय. पण खोलीत त्याचा अडसर झाला नाही एवढं खरं.

सहीचं काय झालं असं विचाराल. मी भावाला फोन करून सांगितलं की मला हिस्सा हवाय का नकोय हे मी अजून ठरवलेलं नाही, पण कागद माझ्याशी बोलून व्हायला हवे होते आणि मला त्या फुल्यांचं वाईट वाटलं. तो चिडला. मग आठवडाभर अबोला. मग आईच्या समोर आम्ही तिघं भावंडं बसलो आणि पहिल्यांदा त्यावर सरळ बोलणं झालं, अजून निकाल लागलेला नाही, धाकटीचं म्हणणं वेगळंच निघालं. मी झोपतेय मात्र नीट.

आता कापलेला स्टार. वेटिंगची जागा लहान आहे आणि आतली पार्टिशनची भिंत पातळ, शब्द नाही पण कुणी रडत असेल तर बाहेर कळतं, एक पंखा किंवा हलकं म्युझिक ठेवलं तरी काम होईल, मी दोनदा सुचवलंय. रिसेप्शनची मुलगी आडनावासकट मोठ्याने हाक मारते, बडोद्यात मराठी माणसं एकमेकांना ओळखतात हो, शेजारी बसलेल्या काकू आपल्या सोसायटीतल्या निघू शकतात. रॉजर्सच्या सहा अटींतली शेवटची अशी आहे की हा स्वीकार क्लायंटपर्यंत थोडा तरी पोचला पाहिजे, तर तो दारातूनच पोचायला सुरुवात व्हावी अशी माझी अपेक्षा आहे. फॉर्म इंग्लिश आणि गुजरातीतच आहे, सासूबाईंच्या वयाच्या मराठी बायकांना वाचून दाखवावा लागतो. लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी फोन करून आधी सांगा, बेन खालच्या मजल्यावरच्या एका ऑफिसची खोली मागून घेतात म्हणे.

अपॉइंटमेंट व्हॉट्सॲपवर मिळते, उत्तर संध्याकाळी येतं. रद्द करायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, नाहीतर अर्धी फी लागते. शनिवारी पार्किंग अजिबात मिळत नाही, रिक्षाने जा.